इन्फ्रारेड छायाचित्राच्या मधोमध येणारा पांढुरका डाग: लेन्सची चाचणी आणि उपाय

तक्रारीचे शब्द थोडेफार बदलतात, पण आशय एकच असतो: छायाचित्राच्या बरोबर मध्यभागी पांढुरका गोल दिसतो, संगणकावर तो कसाबसा पुसला तरी पुढच्या छायाचित्रात त्याच जागी पुन्हा येतो, आणि हीच लेन्स साध्या कॅमेऱ्यावर लावली की चित्र निर्दोष येते. साताऱ्याच्या परिसरात इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या तांबड्यापलीकडील प्रकाशात, छायाचित्रण करणाऱ्यांना हा डाग विशेष जाचतो, कारण येथील आवडीचे विषयच त्याला उघडे पाडणारे आहेत. पाणी जवळच्या इन्फ्रारेड किरणांना शोषून घेते, त्यामुळे कास तलावाचा पृष्ठभाग चित्रात जवळजवळ काळा येतो. निरभ्र निळे आकाशही गडद येते, त्यामुळे चाळकेवाडीच्या पवनचक्क्या त्यावर पांढऱ्याशुभ्र उठून दिसतात. गडद आणि सपाट भाग चौकटीच्या मध्यभागी आला की तेथे थोडासा जादा प्रकाशही लपत नाही. उसाच्या फडावर किंवा यवतेश्वरच्या उतारावरील झाडीत तोच डाग असतो, पण पाने मुळातच उजळ आणि पोत दाट असल्यामुळे तो नजरेस येत नाही. म्हणूनच एक जण एखाद्या लेन्सला उत्तम म्हणतो आणि दुसरा तीच लेन्स टाकाऊ ठरवतो.

या डागाला हॉटस्पॉट म्हणतात. त्याबाबत सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न ‘ही लेन्स इन्फ्रारेडला चालते का?’ हा असतो आणि माझ्या मते तो अपुरा आहे. विचारायचे ते असे: ही लेन्स, या फिल्टरसह, या कॅमेऱ्यावर, या फोकल लेन्थला कोणत्या अ‍ॅपर्चरपर्यंत (म्हणजे लेन्समधील लहान-मोठे होणारे छिद्र किती लहान करेपर्यंत) चालते? तयार याद्यांमध्ये लेन्सच्या नावापुढे ‘चांगली’ किंवा ‘वाईट’ असा एकच शेरा असतो. खरेदीपूर्वी अंदाज घेण्यास तो ठीक आहे, पण हातातील लेन्सची स्वतः घेतलेली चाचणी त्याहून कितीतरी अधिक सांगून जाते.

डाग कसा तयार होतो हे समजले तर चाचणीतील प्रत्येक पायरीचे कारण आपोआप कळते. डोळ्याला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. कॅमेऱ्यातील सिलिकॉनचा सेन्सर मात्र सुमारे ११०० नॅनोमीटरपर्यंत संवेदनशील असतो, म्हणून उत्पादक त्याच्यापुढे इन्फ्रारेड रोखणारी काच बसवतात. इन्फ्रारेडसाठी कॅमेऱ्यात बदल करून घेतो तेव्हा आपण हीच काच काढून त्या जागी ५९०, ७२० किंवा ८५० नॅनोमीटरचा, म्हणजे साधारण त्याहून लांब तरंगलांबीचाच प्रकाश जाऊ देणारा, फिल्टर बसवतो. लेन्स मात्र तीच राहते, आणि तिच्या भिंगांवरील परावर्तनरोधक लेप दृश्य प्रकाशासाठी बेतलेले असतात. लेप नसलेल्या काचेचा एकेक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो. चांगला लेप दृश्य प्रकाशात हे प्रमाण १ टक्क्याच्याही खाली आणतो, पण ७०० नॅनोमीटरच्या पलीकडे त्याचा प्रभाव झपाट्याने ओसरतो आणि काही लेप तर उघड्या काचेपेक्षाही जास्त परावर्तन करू लागतात. पंधरा भिंगांच्या झूम लेन्समध्ये हवा आणि काच यांच्या पंचवीस-तीस सीमा असू शकतात. त्यांच्यात आपापसांत, तसेच सेन्सरचा चकचकीत पृष्ठभाग आणि मागची भिंगे यांच्यात, प्रकाश उलटसुलट फिरतो आणि त्याचा काही भाग मध्यभागी गोळा होतो.

दुसरे कारण कमी परिचित आहे. नळीच्या आतील काळा रंग डोळ्याला काळा दिसतो म्हणून तो इन्फ्रारेडमध्येही काळा असेलच असे नाही. रंगद्रव्य वापरून काळे केलेले अ‍ॅल्युमिनियम, जे बऱ्याच अ‍ॅडॅप्टर रिंगांच्या (लेन्स आणि वेगळ्या पद्धतीचा कॅमेरा जोडणाऱ्या कड्यांच्या) आत असते, इन्फ्रारेडमध्ये करडे किंवा चक्क उजळ दिसते. जुनी एम४२ (आट्यांनी बसणारी) लेन्स नव्या मिररलेस कॅमेऱ्यावर लावणाऱ्यांनी लेन्सला दोष देण्यापूर्वी मधली रिंग सुटी करून तिचे छायाचित्र त्याच इन्फ्रारेड कॅमेऱ्याने घ्यावे. ती पांढरट दिसली तर निम्मा तपास तेथेच संपतो.

अ‍ॅपर्चर लहान केले की डाग वाढतो, ही हॉटस्पॉटची सर्वांत ठळक खूण आहे. परत फिरलेला प्रकाश सेन्सरवर बहुधा अ‍ॅपर्चरच्या छिद्राचीच पुसट प्रतिमा उमटवतो. छिद्राचे क्षेत्रफळ अर्धे केले की आत येणारा भरकटलेला प्रकाश अर्धा होतो, पण तो ज्या वर्तुळावर पसरतो त्याचे क्षेत्रफळही अर्धे होते, म्हणजे त्याची दाटी कायम राहते. खऱ्या चित्राचा प्रकाश मात्र अर्ध्यावर येतो. साध्या हिशेबाने, प्रत्येक स्टॉपला, म्हणजे छिद्राचे क्षेत्रफळ निम्मे करणाऱ्या प्रत्येक पायरीला, डागाचे सापेक्ष प्रमाण दुप्पट होते, त्याचा व्यास घटतो आणि कडा स्पष्ट होत जाते. एफ-संख्या जितकी मोठी तितके छिद्र लहान; एफ/५.६ ला न जाणवणारा २ टक्के जादा प्रकाश तीन स्टॉपनंतर, एफ/१६ ला, १६ टक्के होतो तो असा. निसर्गचित्रणात एफ/११ किंवा एफ/१६ वापरण्याची शिकवण आपल्या हाडीमासी इतकी मुरलेली आहे की इन्फ्रारेडमध्येही हात आपोआप तिकडे वळतो, आणि तक्रार पुन्हा पुन्हा उद्भवण्याचे हेच प्रमुख कारण आहे.

लेन्सवर ठपका ठेवण्यापूर्वी

मध्यभाग उजळ दिसण्याची इतरही कारणे असतात आणि ती आधी बाजूला सारावीत. पहिले कारण म्हणजे विनेटिंग, अर्थात कोपरे काळवंडणे. कोपरे गडद झाले की मध्यभाग तुलनेने उजळ वाटतो; परंतु विनेटिंग अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे असताना सर्वाधिक असते आणि ते लहान करताच कमी होते, म्हणजे हॉटस्पॉटच्या अगदी उलट वागते. अ‍ॅपर्चर उघडे ठेवून एक आणि लहान करून एक अशी दोन छायाचित्रे शेजारी ठेवली की शंका उरत नाही.

सूर्याची झळाळी, म्हणजे फ्लेअर, कॅमेरा वळवला की जागा बदलते. हॉटस्पॉट जागचा हलत नाही. सज्जनगडाच्या वाटेवरून दुपारच्या उन्हात कॅमेरा थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे फिरवून चार चौकटी घेतल्या तर हा निवाडा जागीच होतो.

पावसाळ्यातील धुके हा आपल्याकडचा खास गोंधळ आहे. इन्फ्रारेड धुक्याच्या आरपार पाहते अशी एक समजूत फार पसरलेली आहे. विरळ धुरकट हवेबाबत ती बऱ्याच अंशी खरी आहे, कारण हवेच्या रेणूंसारख्या सूक्ष्म कणांवरून होणारे विकिरण तरंगलांबीच्या चौथ्या घाताने घटते आणि ८०० नॅनोमीटरला ते ५५० नॅनोमीटरच्या तुलनेत सुमारे साडेचार पट कमी होते. म्हणून पाऊस उघडल्यावर अजिंक्यताऱ्यावरून दूरचे डोंगर इन्फ्रारेडमध्ये कमालीचे स्वच्छ येतात. ठोसेघरच्या दरीत भरणाऱ्या धुक्यातील पाण्याचे थेंब मात्र या तरंगलांबीहून कितीतरी मोठे असतात आणि दृश्य काय किंवा जवळचे इन्फ्रारेड काय, दोन्ही प्रकाशांना सारखेच अडवतात. तेथे चित्र फिके आले तर तो लेन्सचा दोष नव्हे, आणि धुक्यात घेतलेल्या छायाचित्रावरून लेन्सची पारख तर मुळीच करू नये.

याच दमट हवेमुळे येथील लेन्समध्ये बुरशी लवकर धरते. समोरून टॉर्चचा प्रकाश टाकून मागून तिरके पाहिले की जाळीसारखे धागे किंवा दुधट थर दिसतो. त्याने संपूर्ण चित्राचा कॉन्ट्रास्ट घसरतो, परंतु कडा असलेले वर्तुळ तयार होत नाही. वापरलेली लेन्स विकत घेताना ही तपासणी इन्फ्रारेडच्या चाचणीआधी करावी, कारण बुरशी असल्यास पुढील चाचणीला फारसा अर्थ उरत नाही.

ज्यांच्या कॅमेऱ्यात इन्फ्रारेडसाठी बदल केलेला नाही आणि जे लेन्सपुढे ७२० नॅनोमीटरचा फिल्टर लावून अनेक सेकंदांचे एक्स्पोजर देतात, त्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून मागचा प्रकाश आत शिरतो आणि दीर्घ एक्स्पोजरमध्ये त्याचा पट्टा किंवा डाग उमटतो. तो झाकण्यासाठी काळे कापड वापरू नये, कारण कित्येक काळी कापडे इन्फ्रारेडमध्ये काळी राहतच नाहीत. स्वयंपाकघरातील अ‍ॅल्युमिनियम फॉइल हा निर्धोक उपाय आहे. बदल केलेला कॅमेरा वापरणाऱ्यांसाठीही एक गोष्ट आहे: काही कॅमेऱ्यांच्या आत शटरवर लक्ष ठेवण्यासाठी बारीकसा इन्फ्रारेड एलईडी असतो आणि मूळची काच काढल्यानंतर त्याची चमक दीर्घ एक्स्पोजरच्या एखाद्या कडेला दिसू लागते. लेन्सवर झाकण, झाकणावर फॉइल अशा स्थितीत तेवढ्याच वेळेचे एक छायाचित्र घ्यावे. ते पूर्ण काळे आले तर कॅमेरा निर्दोष आहे. झाकणावर फॉइल आवश्यकच आहे, कारण काही प्लॅस्टिकच्या काळ्या टोप्या इन्फ्रारेड किरणांना थोडेफार आरपार जाऊ देतात.

संरक्षणासाठी पुढे लावलेली यूव्ही काच चाचणीपूर्वी काढून ठेवावी. परावर्तनाला आणखी दोन सपाट पृष्ठभाग पुरवण्यापलीकडे ती येथे काही करत नाही.

प्रत्यक्ष चाचणी

चाचणीला समप्रमाणात उजळलेला, कोणताही तपशील नसलेला पृष्ठभाग लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये साताऱ्यावर जे एकसारखे भरून आलेले आभाळ असते, त्याहून चांगला पडदा विकत मिळणार नाही. एरवी उत्तरेकडील सावलीतील, चुन्याने किंवा पांढऱ्या डिस्टेंपरने रंगवलेली भिंत चालते. घरात ट्यूब लावून चाचणी घेणाऱ्यांची नेहमी निराशा होते, कारण पांढरे एलईडी दिवे इन्फ्रारेड जवळजवळ देतच नाहीत. एक्स्पोजर लांबत जाते, चित्रात दाणे येतात आणि निष्कर्ष निघत नाही. घरातच काम करायचे असेल तर तारेचा जुना पिवळा बल्ब किंवा हॅलोजन शोधावा. त्यांची बहुतांश ऊर्जा इन्फ्रारेडमध्येच जाते.

कॅमेरा तिवईवर ठेवावा, रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले) स्वरूप निवडावे आणि कॅमेऱ्यातील विनेटिंगची आपोआप होणारी दुरुस्ती बंद करावी. पुढे संगणकावरही लेन्सचे प्रोफाइल लागू होऊ देऊ नये, अन्यथा आपण लेन्सऐवजी सॉफ्टवेअर मोजत बसतो. फोकस अनंतावर ठेवावा म्हणजे भिंतीचा खडबडीतपणा धूसर होतो. त्यानंतर सर्वांत मोठ्या अ‍ॅपर्चरपासून एकेक स्टॉप खाली येत एफ/१६ किंवा एफ/२२ पर्यंत छायाचित्रे घ्यावीत आणि प्रत्येक वेळी केवळ शटरची वेळ बदलून मध्यम उजळपणा सारखा राखावा. आयएसओला हात लावू नये. कॅमेऱ्याच्या प्रकाशमापनावर विसंबून राहू नये. हिस्टोग्राममध्ये, म्हणजे उजळतेच्या आलेखात, लाल चॅनेल (चित्राचा लाल रंगाचा भाग) उजव्या भिंतीला आदळलेला नाही एवढे प्रत्येक चौकटीनंतर पाहावे, कारण ७२० च्या फिल्टरमध्ये तोच सर्वांत आधी फुटतो, म्हणजे उजळतेची कमाल मर्यादा गाठतो, आणि फुटलेल्या चॅनेलमध्ये डाग लपून जातो.

झूम लेन्स असेल तर ही मालिका किमान रुंद टोक, मध्य आणि लांब टोक अशी तीनदा घ्यावी. हे काम कंटाळवाणे आहे, पण टाळण्यासारखे नाही: झूम फिरवताना आतील भिंगांची परस्परांतील अंतरे बदलतात आणि १८ मिलिमीटरला नावालाही नसलेला डाग ५५ मिलिमीटरला ठसठशीत दिसू शकतो. शक्य असल्यास जवळच्या फोकसलाही एक-दोन चौकटी घ्याव्यात. एकाहून अधिक फिल्टर वापरणाऱ्यांना प्रत्येक फिल्टरसाठी हे सारे पुन्हा करावे लागते, कारण ७२० ला चांगली वागलेली लेन्स ८५० ला बिघडू शकते, आणि क्वचित उलटही घडते.

५९० किंवा ६६५ नॅनोमीटरच्या फिल्टरमध्ये आणखी एक गुंतागुंत आहे. तेथे लाल चॅनेलमध्ये दृश्य लाल प्रकाश आणि इन्फ्रारेड दोन्ही नोंदले जातात, तर निळ्या चॅनेलमध्ये जवळजवळ निव्वळ इन्फ्रारेड येतो, कारण सेन्सरवरील निळा रंगफिल्टर ८०० नॅनोमीटरच्या आसपास पारदर्शक होत जातो. त्यामुळे डाग पांढरा न दिसता रंगीत दिसतो आणि आकाश निळे करण्यासाठी लाल व निळ्या चॅनेलची अदलाबदल केली की त्याचा रंगही उलटतो. हा रंगदोष आहे असे समजून व्हाइट बॅलन्सशी झगडणारे मी बरेच पाहिले आहेत. प्रत्येक चॅनेल वेगळा करून काळ्या-पांढऱ्यात पाहिला की खरा प्रकार लगेच उमगतो.

नुसत्या नजरेने पाहायचे तर चित्राचा कॉन्ट्रास्ट भरपूर वाढवावा. दडलेले वर्तुळ वर येते. मला मात्र आकडा काढणे अधिक भरवशाचे वाटते, कारण नजर आधीच्या चित्राशी जुळवून घेते आणि फसते. मध्यभागी सुमारे शंभर पिक्सेल लांबी-रुंदीच्या चौकोनाची सरासरी उजळता घ्यावी, मध्यापासून कोपऱ्याकडे एक तृतीयांश अंतरावर तशीच दुसरी घ्यावी आणि पहिलीला दुसरीने भागावे. वाचन शक्यतो सरळरेषीय, म्हणजे टोन कर्व्ह (उजळतेत फेरफार करणारी वक्ररेषा) न लावलेल्या, फाइलवर असावे. समजा एखाद्या लेन्सची गुणोत्तरे एफ/२.८ ला १.३०, एफ/४ ला १.१४, एफ/५.६ ला १.०७, एफ/८ ला १.०७, एफ/११ ला १.११ आणि एफ/१६ ला १.१९ अशी आली. सुरुवातीची घसरण विनेटिंगची आहे आणि तिची काळजी करण्याचे कारण नाही. आकडा जेथून पुन्हा चढू लागतो तेथे हॉटस्पॉटने विनेटिंगवर मात केलेली असते. या लेन्सला मी एफ/८ ही मर्यादा लिहीन, आणि मध्यभागी पाणी किंवा मोकळे आकाश असेल तर एफ/५.६. गुणोत्तर शेवटपर्यंत घसरत किंवा स्थिर राहिले तर लेन्स निर्धास्तपणे वापरावी.

तीक्ष्णतेची चाचणी वेगळी घ्यावी

डाग नाही म्हणजे लेन्स उत्तीर्ण झाली असे नाही. इन्फ्रारेड किरण दृश्य प्रकाशाच्या तुलनेत थोडे मागे एकत्र येतात, त्यामुळे फोकसचे ठिकाण सरकते. जुन्या मॅन्युअल लेन्सवर अंतराच्या पट्टीशेजारी लाल ठिपका किंवा ‘आर’ हे अक्षर असते ते यासाठीच. फिल्मच्या काळात दृश्य प्रकाशात फोकस करून मग ते अंतर या खुणेवर आणत असत. ही खूण त्या वेळच्या इन्फ्रारेड फिल्मसाठी बेतलेली असल्याने आजच्या प्रत्येक फिल्टरला ती तंतोतंत लागू पडत नाही. मिररलेस कॅमेऱ्यात, किंवा डीएसएलआरच्या लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या पडद्यावर पाहताना), फोकस प्रत्यक्ष सेन्सरवरच ठरतो म्हणून हा प्रश्न उद्भवत नाही. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून फोकस करणाऱ्यांना मात्र तो उद्भवतो, कारण तेथे फोकसचा सेन्सर निराळा असतो आणि त्याच्याकडे दृश्य प्रकाश जातो. कॅमेऱ्यात इन्फ्रारेडसाठी बदल करताना एका लेन्सनुसार केलेली फोकसची जुळवणी दुसऱ्या लेन्सला लागू होईलच असे नाही. चित्रे सतत किंचित मऊ येत असतील तर प्रथम लाइव्ह व्ह्यूमध्ये एक चौकट घेऊन तुलना करावी. लेन्स दुरुस्तीला पाठवण्याची वेळ फार क्वचित येते.

या चाचणीसाठी फलक म्हणून वर्तमानपत्राचे पान भिंतीवर सपाट चिकटवावे. त्यातील मजकुराची काळी शाई कार्बनयुक्त असते आणि इन्फ्रारेडमध्येही काळीच राहते; रंगीत छायाचित्रांमधील निळसर, किरमिजी व पिवळी शाई मात्र दिसेनाशी होते आणि केवळ काळ्या शाईचा भाग उरतो, हे पाहणे तसे गमतीचेही आहे. झेरॉक्सचा किंवा लेझर प्रिंटरचा टोनरही असाच टिकतो. घरच्या इंकजेटवर छापलेला फलक मात्र पुष्कळदा पुसट होऊन जातो, आणि मग लेन्सच कुचकामी आहे असा निष्कर्ष विनाकारण निघतो. पानावर ऊन थेट पडू द्यावे, मध्यावर लाइव्ह व्ह्यूमध्ये मोठे करून फोकस साधावा, आणि मध्य व कोपरे दोन्हींची अक्षरे पूर्ण आकारात वाचून पाहावीत. रुंद लेन्सचे कोपरे इन्फ्रारेडमध्ये दृश्य प्रकाशापेक्षा बरेच ढासळलेले आढळू शकतात, कारण त्यांची रचनाच ७०० नॅनोमीटरच्या अलीकडील तरंगलांब्यांसाठी झालेली असते.

छिद्र अति लहान करण्याचा तोटा येथेही समोर येतो. विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, बिंदूची जी चकती होते, तिचा व्यास तरंगलांबी आणि एफ-संख्या यांच्या गुणाकाराच्या २.४४ पट असतो. एफ/८ ला हिरव्या, म्हणजे ५५० नॅनोमीटरच्या, प्रकाशात तो सुमारे १०.७ मायक्रॉन होतो, तर ८५० नॅनोमीटरला सुमारे १६.६ मायक्रॉन. इन्फ्रारेडमधील एफ/८ तीक्ष्णतेच्या दृष्टीने दृश्य प्रकाशातील एफ/१२ च्या आसपास जाते. हॉटस्पॉट आणि विवर्तन दोघेही एकाच दिशेने ढकलत असल्यामुळे एफ/५.६ ते एफ/८ हा टप्पा बहुतेक लेन्सना मानवतो. अग्रभागी कासच्या जांभ्याचा कातळ आणि मागे डोंगर अशी रचना असेल तर एफ/१६ च्या नादी न लागता दोन-तीन वेगवेगळ्या फोकसच्या चौकटी घेऊन त्या जोडणे अधिक चांगले.

निकालानंतर काय करावे

बहुतेकांचा प्रश्न अ‍ॅपर्चरची मर्यादा पाळल्यावरच सुटतो. लेन्सच्या मागच्या टोपीवर आतून छोटा कागद चिकटवून त्यावर फिल्टर, फोकल लेन्थ आणि शेवटचे चालणारे अ‍ॅपर्चर लिहून ठेवण्याची पद्धत मला सोयीची वाटते. उन्हात पडद्यावर डाग दिसत नाही, पण कागद वाचता येतो. लेन्सहूड लावलाच पाहिजे, तरीही त्याने चौकटीबाहेरून येणारा प्रकाशच अडतो. चौकटीतील उजळ ढग आणि झाडीच हॉटस्पॉटला खतपाणी घालत असतील तर हूडचा फायदा मर्यादित आहे. कॅमेऱ्यासोबत मिळणारी स्वस्त, कमी भिंगांची किट लेन्स कधीकधी महागड्या लेन्सपेक्षा सरस ठरते. लग्नसमारंभांचे काम करणाऱ्यांकडे हमखास असणाऱ्या ५० मिलिमीटरच्या लेन्सपैकी काही इन्फ्रारेडमध्ये फार वाईट वागतात, म्हणून घरात पडून असलेली किट लेन्स मोडीत काढण्याआधी तिची चाचणी घ्यावी.

अ‍ॅडॅप्टर दोषी निघाला तर त्याच्या आत कार्बनयुक्त मॅट काळा रंग किंवा मखमली पट्टी लावता येते, परंतु वापरण्यापूर्वी रंगाचा ठिपका आणि पट्टीचा तुकडा इन्फ्रारेड कॅमेऱ्यातून पाहून घ्यावा. काळी मखमल पांढरी निघण्याची शक्यता अगदी खरी आहे. लेन्स उघडून आतून रंगवण्याचा सल्ला मी देणार नाही. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर रंगाचा एक कण गेला तरी ती अडकतात.

घेऊन झालेल्या छायाचित्रांतून डाग काढायचा असेल तर अनेकांना प्रथम फ्लॅट-फील्ड दुरुस्ती सुचते. रॉथेरपी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती तयार स्वरूपात आहे. त्याच लेन्सने, त्याच अ‍ॅपर्चर, फोकल लेन्थ व फोकसला घेतलेले भिंतीचे छायाचित्र देऊन मूळ चित्र त्याने भागले जाते. विनेटिंगसाठी हे अचूक आहे, कारण विनेटिंग चित्राला गुणते. हॉटस्पॉट मात्र चित्रात वरून मिसळलेला जादा प्रकाश आहे. त्याचे प्रमाण मध्यभागी काय आहे यावर नव्हे, तर संपूर्ण दृश्यातून किती प्रकाश आत आला यावर ठरते. मध्यभागी कास तलावाचे काळे पाणी आणि भोवती उजळ झाडी असेल, तर भागाकाराने पाण्यावरील डाग पुरेसा जात नाही. आणि मध्यभागी पांढरा ढग असेल तर तो उगाच करडा पडतो.

त्यामुळे येथे वजाबाकी करावी लागते. चाचणीतील दोन चौकटी घ्याव्यात: डाग असलेली, समजा एफ/११ ची, आणि जेथे विनेटिंग स्थिरावलेले असून डाग नगण्य आहे अशी, समजा एफ/५.६ ची. दोन्हींची उजळता बाहेरच्या भागात सारखी करून पहिलीतून दुसरी वजा केली की केवळ डागाचा नकाशा हाती लागतो. तो चांगला धूसर करावा, म्हणजे भिंतीचे आणि सेन्सरचे दाणे चित्रात उतरत नाहीत. मग गिम्पमध्ये, ३२ बिट फ्लोटिंग पॉइंट व सरळरेषीय अशी अचूकता निवडून, तो नकाशा मूळ चित्रावर स्वतंत्र थर म्हणून ठेवावा, थराची पद्धत वजाबाकीची करावी आणि पाणी किंवा आकाश एकसारखे होईपर्यंत थराची अपारदर्शकता कमी-जास्त करावी. दृश्य जितके उजळ, तितकी ती जास्त लागते. रंगीत इन्फ्रारेडसाठी हा नकाशा तिन्ही चॅनेलचा असावा आणि वजाबाकी चॅनेलची अदलाबदल करण्यापूर्वी व्हावी.

ज्यांच्याकडे असे नकाशे नाहीत त्यांनी मध्यभागी गोलाकार मास्क टाकून उजळता किंचित उतरवावी आणि काळ्या छटा थोड्या खोल कराव्यात. आकाशावर हे खपून जाते, झाडीवर बहुतेक वेळा कळतही नाही. कडा ठसठशीत असलेल्या एफ/२२ च्या डागावर मात्र या मास्कचा काही उपयोग होत नाही. कॅमेरा, अ‍ॅडॅप्टर किंवा फिल्टर यांपैकी काहीही बदलले की टोपीतील कागद फाडून चाचणीची मालिका नव्याने घ्यावी, कारण सेन्सरपुढील काचेचे परावर्तनही निकालात सामील असते आणि जुने आकडे नव्या कॅमेऱ्याला लागू पडत नाहीत.